सांगोल्याचा अर्धशतकी आमदार : गणपतराव देशमुख यांच्या कारकिर्दीचा अर्थ

विधानसभेच्या सदस्याची कारकीर्द सामान्यतः मंत्रिपदांच्या हिशेबात मोजली जाते. महाराष्ट्रातील शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते गणपतराव देशमुख यांच्या बाबतीत मात्र हे माप अपुरे पडते. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला या एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाच्या वतीने ते ११ वेळा निवडून आले. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

१९६२ साली त्यांनी प्रथम विधानसभेत प्रवेश केला. १९७२ मध्ये त्यांचा पराभव झाला. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा विजयी झाले. १९९५ मध्ये काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी पराभूत केले, परंतु १९९९ मध्ये मतदारांनी देशमुख यांनाच परत पाठविले. २०१४ ची निवडणूक त्यांनी नव्वदीकडे झुकलेल्या वयात जिंकली. १९७८ आणि १९९९ मध्ये ते राज्य मंत्रिमंडळात होते. विरोधी पक्षनेतेपदही त्यांनी भूषविले. असे असले तरी बहुतेक काळ ते विरोधी बाकांवरच बसले.

देशात याहून मोठे विक्रम आहेत. तमिळनाडूचे एम. करुणानिधी १९५७ ते २०१६ या काळात १३ वेळा विजयी झाले आणि एकदाही हरले नाहीत. मात्र त्यांनी मतदारसंघ अनेकदा बदलले. केरळमध्ये के. एम. माणी यांनी पाला येथून १३, तर ओमन चंडी यांनी पुतुपल्ली येथून १२ विजय मिळविले. परंतु हे तिन्ही नेते राज्यातील सत्तेच्या स्पर्धेतील प्रमुख आघाड्यांचे आधारस्तंभ होते. देशमुख यांचा पक्ष मात्र सातत्याने आक्रसत गेला. १९७८ मध्ये विधानसभेत त्याचे १३ सदस्य होते, २०१४ मध्ये केवळ ३. ओहोटी लागलेल्या पक्षात राहून जागा राखणे, हे त्यांच्या कारकिर्दीचे खरे वैशिष्ट्य होय.

पक्षांतराला आळा घालण्यासाठी १९८५ साली राज्यघटनेत दहावे परिशिष्ट समाविष्ट करण्यात आले आणि २००३ मध्ये पक्षफुटीची पळवाटही बंद झाली. तरीही पक्षांतरे थांबली नाहीत. जे कायद्याला साधले नाही, ते देशमुख यांच्या बाबतीत मतदारांशी असलेल्या थेट संबंधांनी साधले. एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ओळख लोकप्रिय होती. परंतु साधेपणा हे त्यांच्या यशाचे एकमेव कारण नव्हते. सहकारी सूतगिरणीसारख्या संस्थांनी त्यांच्या राजकारणाला पाया दिला, तर पाण्याच्या प्रश्नाने त्याला दिशा दिली.

सांगोला हा पर्जन्यछायेतील तालुका आहे. कृष्णा खोऱ्यातील पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे, यासाठी क्रांतिकारक नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडी येथे भरणाऱ्या पाणी परिषदांमध्ये देशमुख सहभागी होत असत. टेंभूसारख्या उपसा सिंचन योजनांची मागणी त्यांनी सभागृहात आणि रस्त्यावरही लावून धरली.

मात्र, या कारकिर्दीची मर्यादाही येथेच दिसून येते. विरोधी आमदार प्रश्न विचारू शकतो, निधीची तरतूद मात्र सरकारच्या हाती असते. तालुक्याला पाणी मिळण्यास अनेक दशके वाट पाहावी लागली. निष्ठेमुळे देशमुख यांना विश्वास मिळाला, पण सत्तेत असते तर जे काम लवकर झाले असते, त्याला विलंब झाला, असे त्यांचे टीकाकार म्हणू शकतात. हा आक्षेप अगदीच निराधार नाही.

२०१९ मध्ये त्यांनी निवडणूक लढविली नाही. त्यांचे नातू अनिकेत देशमुख शिवसेनेच्या शहाजीबापू पाटील यांच्याकडून थोडक्या मतांनी पराभूत झाले. जून २०२२ मध्ये पाटील एकनाथ शिंदे यांच्या गटासोबत गेले. २०२४ च्या निवडणुकीत दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी पाटील यांचा पराभव करून सांगोला पुन्हा शेतकरी कामगार पक्षाकडे आणले. त्या निवडणुकीत पक्षाला राज्यात मिळालेली ही एकमेव जागा होती.

या निकालात आजोबांच्या पुण्याईचा वाटा किती आणि पक्षाच्या विचारांचा किती, हे पुढील निवडणुकांतून स्पष्ट होईल. एका व्यक्तीवरील विश्वास पक्षसंघटनेत रुजविणे, हे ११ विजयांनंतरही अपूर्ण राहिलेले काम आता पुढच्या पिढीकडे आले आहे.