कुंडीची जागा कोणी ठरवावी?

गोव्यातील जुन्या घरांपुढे तुळशीवृंदावन असे ते उघड्या अंगणात. ऊन-पावसाला तेथे मज्जाव नव्हता. आता अनेकांच्या नशिबी अंगण उरले नाही. सदनिकेत तुळस कुंडीत आली. तिच्या जोडीला मनीप्लांट आणि क्रोटन आले. परंतु या कुंड्यांची जागा बहुधा कोच, कपाट आणि पाहुण्यांची नजर ठरविते. ती उजेडाने ठरवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या कामी आपले डोळे आपणांस फसवितात. अंधुक प्रकाशात डोळ्याची बाहुली विस्फारते आणि खोली पुरेशी उजळ भासते. वास्तविक भर दुपारच्या उन्हात प्रकाशाचे मान सुमारे १,००,००० लक्स असते. खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात ते शे-दोनशे लक्सवर उतरते. पानांना अन्न तयार करावयाचे ते याच प्रकाशावर. तो अपुरा पडला की पेरे लांबतात, पाने फिकट होतात, क्रोटनचे रंग हिरवटपणात विरतात. अशा उंच, किरकिरीत झाडाचे कौतुक करणे म्हणजे त्याच्या उपासमारीचे कौतुक करणे होय.

चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० साली दाखवून दिले की, गवताच्या अंकुराचे टोक झाकले तर तो उजेडाकडे वळत नाही. सावलीच्या बाजूस वाढीचे द्रव्य अधिक जमते, ती बाजू अधिक लांबते व रोप वाकते, हे पुढे उमगले. म्हणून कुंडी आठवड्यातून एकदा थोडी फिरवावी. मनीप्लांटला खिडकीजवळचा सौम्य उजेड पुरतो. तुळशीला रोज पाच-सहा तास ऊन हवे. मात्र अंधारातले झाड एकाएकी कडक उन्हात नेऊ नये, पाने करपतात.

कोणी म्हणतील, तुळशीची जागा शास्त्राने ठरलेली आहे. श्रद्धेचा अनादर आम्हांस करावयाचा नाही. परंतु सायंकाळी दिवा लावावयाचा आणि दिवसा ऊन नाकारावयाचे, ही भक्ती अपुरी आहे. ज्या घरात ऊन येतच नाही, त्या घराने तुळस इमारतीच्या सामाईक आवारात लावावी व पाणी घालण्यास चार पायऱ्या उतराव्यात. विद्यार्थिमित्रहो, हा आग्रह घरी तुम्हीच धरावा.