रस्ता वर, उंबरा खाली

गावात सिमेंटचा रस्ता होतो तेव्हा नारळ फुटतो, फलक लागतो, पेपरात फोटो येतो. तोच रस्ता दोन-तीन पावसाळ्यांत मधोमध चिरला किंवा एका कडेने खचला, की त्याला कुणी धनी उरत नाही. भेग बुजवण्याच्या समारंभाला पाहुणे बोलावल्याचे निदान मी तरी पाहिलेले नाही.

शहागड हे अंबड तालुक्यातले गोदाकाठचे गाव. धुळे-सोलापूर महामार्ग इथेच नदी ओलांडून बीड जिल्ह्यात उतरतो. बँकेच्या नोकरीत पीककर्जाच्या पाहणीसाठी या टापूत मी पुष्कळ हिंडलो. माती काळी, कसदार. कापसाला आणि उसाला जी माती माउली, तीच रस्त्याला वैरीण. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. वैशाखात शेतातल्या भेगांत सहज हात जातो. म्हणून जुने गवंडी घराचा पाया मुरूम लागेपर्यंत खणत. रस्त्यासाठी एवढे खणणे परवडणारे नाही, हे मान्य. पण मग काळ्या मातीवर मुरमाचा जाड थर, त्यावर नीट दबाई आणि कडेला वाहती नाली एवढे तरी हवेच.

काँक्रीट दाबाला भक्कम, पण ताणाला कच्चे. ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या जेमतेम एक दशांश. नालीचे पाणी खाली मुरले, माती बसली किंवा वाहून गेली, की वरची लादी अधांतरी राहते आणि उसाचा एखादा ट्रॅक्टर तिला मोडतो. शिवाय काँक्रीट सुकताना आखडते. त्यासाठी साधारण चार मीटरच्या आत आडवे सांधे कापावे लागतात, तेही ओतल्यानंतर काही तासांतच. आपण कापले नाहीत, तर काँक्रीट आपले आपण कापून घेते, आणि त्याची रेघ सरळ नसते. अनेक गुत्तेदारांना हा नियम पाठ असतो. कटर मशीन मात्र त्या दिवशी हमखास दुसऱ्या गावी गेलेली असते.

2019 साली जल जीवन मिशन आले. घरोघर नळ हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु पाइपांसाठी चांगल्या रस्त्यांची पोटे गावोगाव फाडली गेली. चर बुजवताना माती वीतभर थरांनी टाकून प्रत्येक थर ठोकायचा असतो. पुष्कळ ठिकाणी ती एकदम लोटली आणि वर काँक्रीटची पट्टी ओढली. पहिल्याच पावसात पट्टी खाली बसली.

आता दुरुस्तीचे. बारीक भेग साफ करून पाऊस पडायच्या आत डांबराने किंवा सांधे भरायच्या मसाल्याने बुजवली, तर पाणी खाली उतरत नाही. हे काम किरकोळ खर्चाचे. लादी अखंड असून नुसती खचली असेल, तर तिला भोके पाडून खाली सिमेंट आणि राखेचा पातळ गारा दाबाने भरता येतो. लादी हळूहळू वर येते. राख तर आपल्या परळीच्या वीज केंद्रात ढिगाने आहे. लादीचे तुकडेच झाले असतील, तर तेवढा चौकोन कापून काढायचा, खालचा थर नव्याने दाबायचा आणि मग ओतायचे. तुटक्या लादीवर नुसता नवा थर चढवला, तर खालची भेग काही दिवसांत वर डोकावते.

आणि आपण नेमके तेच करतो. कारण हिशेबाचे आहे. बँकेत साध्या टेबल-खुर्चीलाही आम्ही दर वर्षी घसारा लावत असू. लाखो रुपयांच्या रस्त्याला गावाच्या वहीत घसारा नाही आणि बहुधा देखभालीची तरतूदही नाही. नव्या कामाला निधी येतो, जुन्याला सांभाळायला येत नाही. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बांधणाऱ्यानेच पाच वर्षे देखभाल करायची, असा करार असतो. गावातल्या गल्लीबोळांना तो का नसावा?

मराठवाड्यातल्या माळवदांवर मृगाच्या आधी नव्याने माती पडे. घर गळके झाल्यावर दुसरे माळवद बांधू, असे कुणी म्हणत नसे. सरकारी रस्ता मात्र कुणाचेच घर नाही.

थरावर थर चढून रस्ता वर येतो आणि घरे खाली जातात. गोदाकाठच्या एका गावात मी अशी गल्ली पाहिली. पूर्वी ओट्यावर चढायला दोन पायऱ्या होत्या, आता रस्त्यावरून घरात एक पायरी उतरावी लागते. एका आजींनी पाणी आत येऊ नये म्हणून दारात वीतभर उंचीचा सिमेंटचा बांध घातला आहे. अंधारात त्याला अडखळून त्या एकदा पडल्या, हाताला फ्रॅक्चर झाले. त्या गल्लीला आणखी एक थर मंजूर झाला आहे, असे शेजाऱ्यांनी मला आनंदाने सांगितले.