चालणाऱ्यांची हवापालट

देवासच्या एका वाचक भगिनींचे पत्र यंदा चैत्रातच आमच्या हाती आले. मुलगा आणि सून दोघेही नोकरीत. दोघांच्या रजा जुळतात त्या वर्षातून एकदाच, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि त्याही जाण्यायेण्यासकट अवघ्या पाच दिवसांच्या. दोघेही पहाटे उठून माताजीची टेकडी चढणारे, रविवारी सायकली काढून दूरवर जाणारे. गेल्या उन्हाळ्यात ती दोघे एका नामांकित थंड हवेच्या ठिकाणी गेली, तेव्हा दीड दिवस घाटातील मोटारींच्या रांगेत आणि उरलेला वेळ बाजारात गेला. परत आली ती एकमेकांशी धड न बोलता. यंदा घरात प्रत्येकाने एकेक गाव सुचविले आहे. सासूबाई विचारतात, ‘‘नातवंडे मी सांभाळीन, पण या दोघांना पाठवू तरी कुठे?’’

नातवंडे सांभाळण्याची तयारी आधीच दाखविणाऱ्या या सासूबाईंचे आम्हांस मनापासून कौतुक वाटते. आपल्या घरांतून मे महिना हा लग्नमुंजींचा, आणि त्यांतून उरलाच तर पुण्या-मुंबईच्या नातलगांचा. नवराबायकोने दोघांनीच कुठे जायचे ही गोष्ट अजूनही पुष्कळ घरांत ओशाळल्यासारखी बोलली जाते. तेव्हा वर्षातून मिळणारे हे चार-पाच दिवस वाया जाऊ नयेत, ही त्यांची तळमळ आम्ही क्षुल्लक मानीत नाही.

प्रवासाचे ठिकाण ठरविताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : तिथे पाहण्यासारखे काय आहे? ज्यांना बसून पाहण्यात आनंद आहे त्यांच्यापुरता तो प्रश्न ठीक. परंतु ज्यांचे पाय स्वस्थ बसत नाहीत, त्यांनी विचारायचे ते वेगळेच. त्या गावी मे महिन्यात सकाळी किती तास चालता येईल? चालण्याच्या वाटेवर सावली असेल का? आणि घरातून निघाल्यापासून पहिले पाऊल त्या वाटेवर पडेपर्यंत रजेतील किती वेळ खर्च होईल? या तीन प्रश्नांच्या चाळणीतून घरात सुचविली गेलेली गावे एकदा काढावीत.

हिमालय प्रथमच गळतो. इंदूरहून मसुरी काय किंवा मनाली काय, जायला एक-दीड दिवस आणि यायला तेवढाच. पाच दिवसांत हाती दोन उरतात. त्यातही फार उंच चढून गेल्यास शरीराला तिथल्या विरळ हवेची सवय व्हायला एक-दोन दिवस लागतातच. दहा-बारा दिवसांची रजा असेल तेव्हा हिमालयाला जावे, घाईने जाऊ नये. महाबळेश्वराविषयी आम्ही काही वावगे बोलणार नाही, आपल्या लोकांचे ते माहेरच. परंतु इतक्या दुरून मे महिन्याच्या ऐन गर्दीत तिथे पोहोचणे म्हणजे गेल्या वर्षीचाच अनुभव पुन्हा पदरात पाडून घेणे.

मांडू जवळ आहे, आणि मांडूवर आमचे प्रेमही आहे. पण त्याची उंची सव्वासहाशे मीटरांच्या आसपास, म्हणजे इंदूरपेक्षा जेमतेम थोडी अधिक. मे महिन्यात तिथले दगड दुपारी तापतात ते रात्रीपर्यंत निवत नाहीत. मांडू पावसाळ्यातच पाहावे. पाताळपाणीही तसेच, उन्हाळ्यात तिथे पाण्याऐवजी कोरडा कडाच पाहावा लागतो.

माथेरानचा मात्र गंभीरपणे विचार करावा. मोटारींना आत मज्जाव, तांबड्या मातीच्या वाटा, दाट झाडी आणि एकामागून एक कडे : चालणाऱ्यांसाठीच जणू वसविलेले गाव. इंदूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईच्या बाजूस उतरून नेरळ गाठता येते. उणीव एवढीच की, माथेरानची उंची आठशे मीटर आणि समुद्र जवळ, त्यामुळे मे महिन्यात घाम सुकत नाही. शिवाय मुंबईकरांच्या शनिवार-रविवारशी गाठ पडू न देण्याची काळजी घ्यावी लागते.

उरली सातपुड्यातील तीन स्थाने : तोरणमाळ, चिखलदरा आणि पचमढी. तिन्हींची उंची हजार मीटरांहून अधिक. दर हजार मीटरांमागे हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, हा हिशेब धरला तर मैदानापेक्षा तिन्ही ठिकाणी चार-पाच अंशांचा दिलासा मिळतो. चिखलदऱ्यास तर गाविलगडचा किल्ला आहे. नागपूरकर भोसल्यांचा हा किल्ला १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीने घेतला. त्या किल्ल्यात हिंडायला एक सबंध सकाळ पुरत नाही. मग आमचा कौल पचमढीकडे का झुकतो?

कारण झाडाचे आहे. मेळघाटाचे रान मुख्यतः सागाचे; सातपुड्याचा बराचसा भागही तसाच. साग उन्हाळ्यात पान टाकून उघडा उभा राहतो, आणि पहिला पाऊस पडेपर्यंत त्याच्याखाली सावली म्हणून नसते. मे महिन्यात सागाच्या वनातून चालणे म्हणजे वाळल्या पाचोळ्याचा आवाज ऐकत उन्हातून चालणे. पचमढीचे पठार मात्र वालुकाश्माचे आहे, आणि तिथे सागाच्या मुलुखात सालवृक्षाचे एक बेटच राहून गेले आहे. साल कधी पुरता ओका होत नाही. वसंतात जुने पान जाता जाताच नवे फुटते, आणि वैशाखात सबंध रान पोपटी-हिरव्या पालवीने भरलेले असते. बाहेरच्या मुलुखात धूळ उडत असताना इथे पायवाटेवर गार सावली पडलेली असते. दोन-चार अंशांचा फरक पाऱ्यात दिसतो. सावलीचा फरक पायांना कळतो. चालणाऱ्याने उंचीच्या आकड्यापेक्षा झाडाची जात विचारावी, असे आमचे मत आहे, ते यामुळेच.

अर्थात पचमढीस मे महिन्यात शाल लागते असे कुणी सांगत असेल तर त्याने ती इतर कुठल्या महिन्यात पाहिली असावी. पठाराची उंची सुमारे १,०६७ मीटर. मेमध्ये दुपारचा पारा पस्तीस-छत्तीसपर्यंत जातो. परंतु पिपरिया-नर्मदेच्या सखल भागात तो चाळीसच्या पुढे गेलेला असतो, आणि पचमढीच्या पहाटा व संध्याकाळा मात्र खरोखरीच सुखाच्या असतात. सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. त्याच वेळी वाटेला लागावे, दहाच्या आत परतावे, दुपारी झोपावे किंवा वाचावे, आणि साडेचारनंतर पुन्हा बाहेर पडावे. एवढे पाळले तर दिवसाकाठी सहा-सात तास चालणे सहज होते. देवासात मे महिन्यात ते दोन तासही होणार नाही.

इंदूरहून जबलपूरला जाणारी रात्रीची गाडी पहाटेच्या अंधारात पिपरियास सोडते. तिथून पचमढी पन्नासएक किलोमीटर. मटकुलीजवळ देनवा नदी ओलांडली की घाट लागतो. रजेच्या पहिल्या दिवशी न्याहारीच्या वेळी आपण पठारावर असतो, हा मोठाच लाभ. स्वतःची मोटार न्यायची तर पावणेचारशे किलोमीटरांच्या आसपास हाकावी लागते, आणि एक सबंध दिवस उन्हात जातो. आमचे मत आगगाडीच्या बाजूचे आहे.

आता एक इशारा. पचमढीत पाऊल ठेवताच जीपवाले भोवती जमतील, आणि एका दिवसात आठ ‘पॉइंट’ दाखविण्याचा बेत पुढे ठेवतील. या दोघांनी तो नम्रपणे नाकारावा. आठ ठिकाणी उतरून आठ छायाचित्रे काढणे म्हणजे मोटारीच्या रांगेचेच दुसरे रूप. मात्र धूपगडासारख्या काही जागी खासगी वाहनास मनाई असल्याने नोंदणी झालेली जीप व वनखात्याचा परवाना लागतो. तो परवाना बायसन लॉजवर मिळतो. ही इमारत पाहण्यासारखीही आहे : कॅप्टन जेम्स फोरसाइथने १८६२ मध्ये ती बांधली, आणि मध्य भारतातील डोंगरांवरचा त्याचा ग्रंथ १८७१ मध्ये निघाला. इंग्रजांच्या मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी पुढे इथे झाली, ती त्याच्यामागून. आता तिथे वनखात्याचे संग्रहालय आहे. पहिल्याच दिवशी दुपारी तिथे जाऊन पायी जाण्याच्या वाटा कोणत्या खुल्या आहेत ते विचारावे, आणि वाटाड्या ठरवून टाकावा. वाटाडे बहुधा स्थानिक गोंड-कोरकू मंडळींपैकी असतात. त्यांना झाडांची नावे विचारावीत. आपली चाल आपोआप मंदावते आणि रान दिसू लागते.

पहिल्या संध्याकाळी पांडवगुंफांपर्यंत पायी जाऊन यावे, किंवा जटाशंकराच्या घळीत उतरावे. भाड्याच्या सायकली गावात मिळतात. पठारावरील रस्ते सायकलीस फार चांगले.

दुसरा दिवस चौरागडाचा. गावापासून महादेवापर्यंत दहाएक किलोमीटर वाहनाने जावे, आणि तिथून पायी चढावे. जाण्याची वाट साडेतीन किलोमीटरांच्या जवळपास, आणि तीत तेराशेच्या आसपास पायऱ्या. शिखर तेराशे मीटरांहून थोडे उंच. माथ्यावरील शिवमंदिराभोवती भाविकांनी वाहिलेल्या त्रिशुळांचे अक्षरशः रान उभे आहे. महाशिवरात्रीस विदर्भातून हजारो माणसे खांद्यावर त्रिशूळ घेऊन इथे चढतात, आणि श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या यात्रेसही मराठी बोलणाऱ्यांचीच दाटी असते. वऱ्हाड-नागपुराकडे या डोंगरांना नुसते ‘महादेव’ म्हणतात. पचमढीला जाणे ही तिकडे हवापालट नव्हे, व्रत असते. १८१८ साली इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले नागपूरचे आप्पासाहेब भोसले याच महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयास राहिले होते; पुढच्या वर्षी ते अशीरगडाकडे गेले. चढताना दम लागून एखाद्या पायरीवर बसावे लागले, तर खालच्या दऱ्यांकडे पाहून हे आठवावे. अशा मुलुखात फौजेला एक माणूस का सापडला नाही ते तिथे बसल्यावर समजते.

तिसरा दिवस पाण्याचा. मे महिन्यात धबधब्यांकडून फार अपेक्षा ठेवू नये. रजत प्रपाताची चांदी त्या दिवसांत एका धाग्याएवढी उरते. पण अप्सरा विहाराच्या डोहात पाय सोडून बसण्यापुरते पाणी असते, आणि तिथून रजत प्रपाताच्या कड्यापर्यंतची वाट लहान असली तरी खडकाळ व गमतीची आहे. जमुना प्रपाताकडे जाताना अत्तर लावू नये, धूर करू नये. तिथल्या कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात, आणि त्या चवताळल्या तर धावण्याखेरीज उपाय नसतो.

चौथ्या दिवशी धूपगड. सातपुड्यातील, किंबहुना सबंध मध्य प्रदेशातील हे सर्वांत उंच शिखर, सुमारे १,३५० मीटर. लोक तिथे सूर्यास्तासाठी जीपने गर्दी करतात. आमची सूचना अशी की, वनखात्याची अनुमती मिळाल्यास वाटाड्यासह पहाटे पायी चढावे. त्या वेळी माथ्यावर बहुधा फारसे कोणी नसते.

बरोबर काय न्यावे हे सासूबाईंना सांगण्याची गरज नाही, तरी तीन गोष्टी लिहितो. माणशी तीन लिटर पाणी रोज. ते निघताना भरून घ्यावे, वाटेत मिळेल या भरवशावर राहू नये. घरचा कैरीच्या पन्ह्याचा घट्ट अर्क, मीठ-साखर घातलेला, एका बाटलीत. आणि खाऊची पिशवी हातात उघडी नसावी. तिथली माकडे आपल्याहून चपळ असतात. चालताना डोके दुखू लागले, घाम थांबला, बोलण्यात गोंधळ होऊ लागला तर तो थकवा नव्हे, ऊष्माघात आहे. त्या माणसाला लगेच सावलीत निजवून अंग ओले करावे, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये. संधिप्रकाशात रानवाटेवर दोघांनीच हिंडू नये. मोहाच्या व फळांच्या दिवसांत अस्वले फिरतात, आणि रीछगड हे नाव उगाच पडलेले नाही.

बडोद्याच्या वाचकांनी हीच चाळणी लावून अबूचा विचार करावा. तिथे गुरुशिखर १,७२२ मीटर आहे, म्हणजे धूपगडाहून बरेच उंच; मात्र नक्की तलावाभोवतीच्या गर्दीत न अडकता रानातील वाटा वाटाड्याबरोबर धराव्यात.

पचमढीस मे महिन्यात जागा मिळणे कठीण. पर्यटन मंडळाची निवासस्थाने आधीच भरतात, तेव्हा रजा मंजूर झाली की त्याच दिवशी खोली आणि गाडी दोन्ही राखून ठेवावी. खोली शक्यतो बाजारापासून दूरची घ्यावी. परतीची गाडी मध्यरात्रीनंतर पिपरियास येणारी असेल तर तिकिटावरील तारीख दोनदा पाहावी. बारानंतर दिवस बदलतो हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही, आणि मग सबंध रात्र फलाटावर जाते. आणि पाचव्या दिवशी कुठले लग्न निघालेच, तर देवासच्या घरातून आहेर घेऊन सासूबाईंनीच जावे, मुलाला-सुनेला आधी बोलावून घेऊ नये, एवढी आमची त्यांना विनंती आहे.