दहा रुपयांचा कागद

व्हायव्हाला 'गॅस्केट म्हणजे काय?' असं विचारलं की आपण 'दोन भागांमधली गळती थांबवणारा भाग, सर' असं म्हणून मोकळे होतो. सरही पुढच्या प्रश्नाकडे वळतात. मीही हेच उत्तर देऊन पास झालो आहे. पण तो भाग कशाचा, किती जाड आणि तोच का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मलाही कधी पडलं नाही. ते पडायला एक जुनी गाडी भेटावी लागली. आधीच कबूल करतो, पुढे ज्या चुकीबद्दल लिहितोय ती माझीच आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला मामाकडे होतो. मामाच्या एका स्नेह्यांकडे १९६६ ची एमजीबी आहे. एमजी म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर सगळ्यांना २०१९ साली आलेली हेक्टर आठवते. ही एमजी वेगळी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली, दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. इंजिन १७९८ सीसीचं, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे. आणि हे इंजिन आपल्याला अगदीच परकं नाही बरं का! ज्या 'बी सिरीज' घराण्यातलं ते आहे, त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या ॲम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं होतं. ॲम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण जुन्या मिस्त्रींच्या हातात ते इंजिन अजून आहे. म्हणून तर ही गाडी कोल्हापुरात चालू आहे.

तर या गाडीखाली रोज सकाळी पाण्याचं छोटं थारोळं दिसायचं. काकांनी मिस्त्रींना बोलावलं आणि 'हा आमचा इंजिनिअर' म्हणून मलाही त्यांच्या हाताखाली दिलं.

पहिला धडा बॅटरीपाशीच मिळाला. काम सुरू करण्याआधी अर्थची वायर सोडवायची, हे मला माहीत होतं. मी सरळ मायनसला पाना लावला. मिस्त्री हसले. या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे असतात आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे बॉडीला अर्थ केलेलं असतं ते प्लस! पाठांतर आणि गाडी यांच्यातला फरक तिथेच कळायला हवा होता.

रेडिएटर, पंखा, पुली उतरवून वॉटर पंप बाहेर काढला. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं, वीप होल. शाफ्टवरचं सील झिजलं की पाणी बेअरिंगकडे जाण्याआधी या भोकातून बाहेर पडावं, अशी ती योजना. म्हणजे तिथून आलेला थेंब ही पंपाने दिलेली आगाऊ सूचना. या गाडीच्या पंपाचं भोक पूर्वी कुणीतरी एपॉक्सी लावून चक्क बुजवलं होतं! गळती काही दिवस 'थांबली'. पाणी आत बेअरिंगमध्ये गेलं, बेअरिंग गंजलं, पुली डुलायला लागली. तोंड दाबून धरल्यावर रुग्ण ओरडायचा थांबतो, बरा होत नाही.

इंग्लंडहून मागवलेला नवा पंप आला. मिस्त्रींनी आधी जुना आणि नवा शेजारी ठेवून पुलीच्या फ्लँजची उंची, इंपेलरची खोली, बोल्टची भोकं मोजली. एमजीबीच्याच वेगवेगळ्या वर्षांच्या पंपांची लांबी सारखी नसते. पंपासोबत कागदाचं एक पातळ गॅस्केट होतं. ते बसवायचं काम माझ्याकडे सोपवून मिस्त्री जेवायला गेले.

आता माझी अक्कल बघा. ते गॅस्केट मला फारच पातळ वाटलं. एवढ्याशा कागदाने पाणी थांबणार? शिवाय ब्लॉकच्या तोंडावर जुन्या गॅस्केटची खपली अजून चिकटलेली, आणि ती खरवडायचा कंटाळा. मी कपाटातून जाड कॉर्कची शीट शोधली, कापली, दोन्ही बाजूंनी सिलिकॉन भरपूर थापलं आणि दात-ओठ खात बोल्ट आवळले. मिस्त्री परत आले आणि कडेने बाहेर आलेलं सिलिकॉन बघून एवढंच म्हणाले, "लोणी लावायलास व्हय पावाला? चालव उद्या, कळंल."

दुसऱ्या दिवशी इंजिन गरम झालं आणि दहा मिनिटांत थेंब सुरू! पंप परत उतरवला. आतल्या बाजूला सिलिकॉनच्या शेवया लोंबत होत्या. त्यातली एखादी तुटून रेडिएटरच्या नळीत अडकली असती तर इंजिन तापलं असतं, हेड गॅस्केट गेलं असतं, पाणी ऑइलमध्ये मिसळून त्याचा आपल्या मेसच्या चहासारखा रंग झाला असता. काकांनी वर्षानुवर्षं जपलेलं इंजिन माझ्या एका तासाच्या कंटाळ्याने बसलं असतं. त्या दिवशी काका काही बोलले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

'अति तिथे माती' ही म्हण गॅस्केटला तंतोतंत लागू पडते. जाड गॅस्केट जास्त दबतं आणि दबल्यावर काळानुसार सैल पडतं, म्हणजे बोल्टचा ताण कमी होतो. पाण्याच्या दाबाला ढकलायला त्याची कडही जास्त मिळते. पंपाच्या बाबतीत आणखी एक, गॅस्केट जाड झालं की इंपेलर आपल्या पोकळीपासून तेवढाच लांब जातो आणि पाणी ढकलण्याची ताकद घटते. मशीन केलेली दोन सपाट, ताठ तोंडं असतील तर पातळ कागद हवा. टॅपेट कव्हरसारखा पत्र्याचा, वाकणारा भाग असेल तर तिथे कॉर्क किंवा रबर. हेडच्या गॅस्केटला ज्वलनाचा दाब सोसायचा असतो, त्याची जातच वेगळी. म्हणजे गॅस्केट निवडायचं ते तोंडं कशी आहेत, आत काय वाहतंय, दाब किती, तापमान किती यावरून. कपाटात काय सापडलं यावरून नव्हे!

मग मिस्त्रींनी माझ्याकडून सगळं पहिल्यापासून करून घेतलं. खपली ओली करून पात्याने काढली, कोरडी घासली नाही. जुन्या गॅस्केटांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसात जाता कामा नये. तोंड साफ करायला दीड तास गेला. पंपासोबत आलेलं गॅस्केट मी आदल्या दिवशी चुरगाळून टाकलं होतं, म्हणून दहा रुपयांचा गॅस्केट पेपर आणला. तो पंपाच्या तोंडावर धरून छोट्या हातोडीने कडेकडेने टिचक्या मारत आकार उठवला, मग कात्रीने कापला. दोन्ही बाजूंना ग्रीसचा नुसता हात. बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने. त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून बघितला. कोरडा!

काही मित्र म्हणतील, 'अरे, आजकाल कंपन्यांमध्येच गॅस्केटऐवजी सिलिकॉन लावतात.' खरं आहे. पण तिथे ते तोंड त्यासाठीच डिझाइन केलेलं असतं, स्वच्छ असतं, आणि रोबो मोजून रेघ ओढतो. आपण ते वापरतो सफाईचा कंटाळा झाकायला. दुसरे म्हणतील, 'इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता वॉटर पंप कशाला शिकायचा?' त्यांनी बॅटरी कशाने थंड ठेवतात ते एकदा बघावं. तिथेही कूलंट आहे, पंप आहे आणि सीलही आहे.

माझं म्हणणं आपल्या वर्कशॉपबद्दल आहे. आपल्याकडे लाल-निळा रंग दिलेलं अर्धं कापलेलं इंजिन आहे. चार वर्षांत आपण त्याभोवती फिरतो, जर्नल उतरवून काढतो आणि सही घेतो. सरांना आणि मॅडमना नम्र विनंती, की एक प्रॅक्टिकल असं ठेवा. प्रत्येकाने स्वतः गॅस्केट कापायचं, जोड आवळायचा, एक बार दाबाने पाणी भरायचं आणि पंधरा मिनिटं थांबायचं. गळलं तर पुन्हा. खर्च दहा रुपयांच्या कागदाचा. पण ते पाणी कुणाची जर्नल बघून खोटं बोलणार नाही.

आणि मित्रहो, तोवर आपल्या हॉस्टेलच्या टाकीखालच्या पंपाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली आहे ना, ती येत्या रविवारी सोडू. मी पाने आणतो. कागद कापायला कोण येतंय?

– अंतिम वर्ष, मेकॅनिकल