फोनच्या पडद्यावर आमचे आडनाव कशासाठी?

आमच्या एका कार्यकर्तीला शहरात खोली हवी होती. जाहिरातीतला नंबर लावला. घरमालकीणबाई गोड बोलल्या, भाडे ठरले, डिपॉझिट ठरले, संध्याकाळी चावी न्यायला या म्हणाल्या. फोन ठेवता ठेवता विचारले, "आणि आडनाव काय म्हणालात?" आडनाव सांगितले आणि संध्याकाळपर्यंत ती खोली बाईंच्या पुतण्याला द्यायची ठरली. हे वाचणाऱ्या बांधवांपैकी कितीतरी जणांच्या आयुष्यात असा एखादा पुतण्या येऊन गेला असेल.

तरीही त्या प्रश्नाच्या आधीची पाच मिनिटे तिची होती. त्या पाच मिनिटांत ती फक्त भाडेकरू होती. आता ती पाच मिनिटेही काढून घेतली जात आहेत.

फोन वाजला की करणाऱ्याचे नाव समोरच्याच्या पडद्यावर दाखवायचे, अशी एक सेवा मोबाईल कंपन्यांच्या जाळ्यावर येत आहे. तिला सीएनएपी म्हणतात. ट्रायने नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यावर चर्चापत्र काढले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शिफारस केली. दिसणारे नाव आपण निवडायचे नाही. सिम घेताना ओळखपत्रावरून अर्जात जे नाव नोंदले गेले तेच दिसणार. सुरुवातीला ट्रायचे म्हणणे होते की जो ग्राहक मागेल त्यालाच ही सेवा द्यावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा आग्रह मान्य झाला आणि ती सगळ्यांना आपोआप सुरू करायचे ठरले. नको असेल त्याने विनंती करून बंद करून घ्यावी, असे सांगितले गेले.

इथे नीट लक्ष द्या. बंद कोण करू शकतो? ज्याला दुसऱ्यांची नावे पाहायची नाहीत तो. ज्याचे नाव दाखवले जाते त्याला "माझे दाखवू नका" म्हणायचे असेल, तर त्याने नंबर लपवण्याची सीएलआयआर नावाची वेगळी सुविधा मागायची, आणि ती छाननी होऊन मिळते. म्हणजे पाहणाऱ्याला बटण आणि पाहिल्या जाणाऱ्याला अर्ज! शिवाय नंबरच दिसला नाही तर फोन उचलतो कोण?

साहेब लोक म्हणतात, नाव दिसले तर बिघडले काय? ज्यांच्या आडनावाला दार उघडते त्यांचे काहीच बिघडत नाही. पण या देशात आडनाव हा जातीचा दाखला आहे, तहसीलदाराच्या सहीशिवाय चालणारा. म्हणून तर आमच्या कितीतरी कुटुंबांनी गॅझेटमध्ये देऊन आडनावे बदलली. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. त्यात घरांची चौकशी फोनवरूनही केली होती. सवर्ण हिंदू ओळख सांगणाऱ्याला घर मिळत होते. दलित आणि मुस्लिम ओळख सांगणाऱ्यांना नकार येत होते, किंवा जास्तीच्या अटी येत होत्या. त्या संशोधकांना निदान तोंडाने ओळख सांगावी लागली. आता ते काम कंपनी करील, तेही रिंग वाजतानाच. नकारसुद्धा ऐकू येणार नाही, फोन नुसता वाजत राहील. न उचललेल्या फोनवर ॲट्रॉसिटीची कलमे कशी लावणार?

बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा कोलंबियाहून शिकून आलेल्या त्या माणसाला राहायला खोली मिळेना. शेवटी पारशी धर्मशाळेच्या वहीत पारशी नाव लिहून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन जमाव आला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. त्या वहीत खरे नाव लिहावे लागले असते तर अकरा दिवस सोडा, एक रात्रही मिळाली नसती. सीएनएपी ही तशीच वही आहे, फक्त ती प्रत्येकाच्या खिशात उघडी ठेवलेली आहे.

आता आमच्याच काही मित्रांचा आक्षेप. परवा एका बैठकीत एक ज्येष्ठ कार्यकर्ते चिडून म्हणाले, "आपण काय नाव लपवणारे आहोत का? जय भीम छातीठोक म्हणायचे आणि आडनावाला घाबरायचे?" दादा, आम्ही आदराने सांगतो, स्वतः जाहीर करणे आणि कुणीतरी आपल्याला उघडे पाडणे यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जय भीम कुठे, कोणाला, किती मोठ्याने म्हणायचे हे म्हणणारा ठरवतो. तोच तर स्वाभिमान. आणि त्याची किंमतही आम्हाला माहीत आहे. २०१५ साली शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून नर्सिंग शिकणाऱ्या एका तरुणाचा जीव घेतला गेला. ती रिंगटोन त्याने निवडली होती, तो त्याचा हक्क होता. मोबाईलचा आवाज आणि पडदा या देशात जातीबाहेरचा नाही, एवढे तरी त्यावरून मान्य करा.

सरकार म्हणते, फसवणुकीचे फोन थांबवायचे आहेत. हेतूला आमचा विरोध नाही, म्हाताऱ्या माणसांची पेन्शन लुटली जाताना आम्हीही पाहतो. पण 'डिजिटल अरेस्ट'ची नाटके बहुधा व्हॉट्सॲपसारख्या इंटरनेट कॉलवर चालतात. तिथे ही सेवा पोचतच नाही. आणि साध्या कॉलवर फसवणारा स्वतःच्या नावाचे सिम थोडेच वापरतो! कुणा मजुराच्या कागदांवर काढलेले सिम वापरतो. पडद्यावर त्या मजुराचे नाव दिसेल, आणि लोक त्याला चोर म्हणतील.

स्त्रियांचे तर आणखी वेगळे. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायांची सिम नवऱ्याच्या, भावाच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर असतात. मारहाणीची तक्रार सांगायला तिने फोन केला तर आमच्या पडद्यावर मारणाऱ्याचेच नाव येणार. आणि जिच्या स्वतःच्या नावावर सिम आहे तिचे पूर्ण नाव रिक्षावाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत प्रत्येकाकडे जाणार. २०१७ साली उत्तर प्रदेशात रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे नंबर विकले जात असल्याच्या बातम्या आल्या होत्या. २०१८ साली ठाणे पोलिसांनी लोकांच्या कॉलचे तपशील विकणारे जाळे पकडले, त्यात खाजगी गुप्तहेर होते. ज्या व्यवस्थेला बंद कपाट सांभाळता येत नाही, तिने कपाटच उघडे ठेवायचे ठरवले आहे.

खाजगीपणा हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असे समजणाऱ्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' काढून पाहावे. १९४७ साली बाबासाहेबांनी त्यात माणसाचे शरीर, घर आणि कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सिमला आधार जोडण्याची सक्ती गेली. पण तोवर करोडो लोकांनी दुकानातल्या यंत्रावर अंगठा ठेवून झाला होता. आम्हीही ठेवला. ओळख पटवण्यासाठी दिलेले नाव ओळख पटवण्यापुरतेच वापरायचे, ही साधी गोष्ट आहे. सिमच्या अर्जावर सही केली तेव्हा ते नाव अनोळखी माणसांना दाखवायची परवानगी कोणी मागितली होती?

यात आमचीही चूक आहे. ट्रायने हरकती मागवल्या तेव्हा आम्ही काहीच पाठवले नाही. स्मारकाच्या प्रश्नावर एका रात्रीत हजार सह्या जमवणारे आम्ही, इंग्रजी चर्चापत्र पाहून पुढे गेलो. कंपन्या मात्र पुढे गेल्या नाहीत.

म्हणून आता मागणी करायची ती एवढी: फोन करणाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याचे नाव दिसता कामा नये. ज्याला दाखवायचे आहे त्याने काय दाखवायचे, नुसते नाव, टोपणनाव की आडनावासह, हे त्याने ठरवावे. आणि ते बदलायला कंपनीच्या कार्यालयात खेटे न घालता मराठीतला एक मेसेज पुरे व्हावा. टेलिमार्केटिंग कंपन्यांची आणि बँकांची नावे खुशाल दाखवा, तिथे आमची हरकत नाही. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात आम्ही या निवेदनावर सह्या घेणार आहोत. येताना प्रत्येकाने घरातली सिम कोणाकोणाच्या नावावर आहेत ते लिहून आणावे, बायांनी आवर्जून.

जय भीम!