आधी घर, मग बालगृह

रमजानचा पहिला आठवडा उलटला की मोबाइलवर फोटो येऊ लागतात. रिकामी थाळी धरून बसलेले मूल, खाली बँकेचा खातेक्रमांक आणि 'आपली जकात यतिमांसाठी' अशी ओळ. यंदा माझ्या एका विद्यार्थ्याने असाच फोटो मला पाठवला. इथिओपियातील एका बालगृहासाठी मदतीचे आवाहन होते. त्याने विचारले होते, "सर, इथे दिले तर चालेल का?"

जकात अदा होईल की नाही, हे सांगणे मौलानांचे काम. पण तो पैसा पोचल्यावर त्या मुलाच्या आयुष्यात काय होते, हा प्रश्न तुमच्या-माझ्यासारख्या कोणालाही पडावा असा आहे. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते इथे मांडतो.

इथिओपिया म्हणजे आपल्या जुन्या बोलीतला हबश देश. इस्लामच्या इतिहासात त्याचे स्थान वेगळे आहे. मक्केत छळ सुरू झाला तेव्हा, इसवी सन ६१५ च्या सुमारास, पैगंबरांनी आपल्या काही साथीदारांना हबशला जाण्याचा सल्ला दिला. तिथल्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने, या निर्वासितांना आसरा दिला आणि मक्केहून त्यांना परत न्यायला आलेल्यांना रिकाम्या हाताने पाठवले. महाराष्ट्राचेही या देशाशी नाते आहे. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी मुलगा पुढे मलिक अंबर झाला, त्याने निजामशाहीचा कारभार सांभाळला आणि १६१० मध्ये खडकी शहर वसवले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. खुलताबादला त्याची कबर आहे. निराधार मुलाच्या हाताला काम आणि बुद्धीला शिक्षण मिळाले तर काय घडते, याचा दाखला आपल्याच मातीत आहे.

आजच्या इथिओपियाची लोकसंख्या बारा कोटींच्या वर आहे. २००७ च्या जनगणनेनुसार तिथे सुमारे ३४ टक्के मुसलमान आणि ४३ टक्क्यांहून अधिक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. गेली काही वर्षे ख्रिस्ती बांधवांचा ईस्टरआधीचा ५५ दिवसांचा मोठा उपवास आणि आपला रमजान बरोबरच येत आहेत. एकाच गल्लीत एक घर मांस-दूध वर्ज्य करते आणि शेजारचे घर मगरिबच्या अजानची वाट पाहते.

पण त्याच देशात २०२० च्या नोव्हेंबरात तिग्रे प्रांतात युद्ध पेटले. ते २०२२ च्या नोव्हेंबरात प्रिटोरिया येथील कराराने थांबले. तोवर असंख्य शाळा उद्ध्वस्त झाल्या होत्या. नजाशीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नेगाश गावच्या मशिदीलाही तोफगोळ्यांचा तडाखा बसला. पुढे २०२३ पासून अम्हारा प्रांत धुमसू लागला. दक्षिण आणि आग्नेय भागात लागोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले. २०२४ मध्ये युनिसेफने सांगितलेला आकडा ९० लाखांहून अधिक शाळाबाह्य मुलांचा होता. त्यात २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीचा हात आखडता घेतला. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत ही मदत सर्वाधिक मिळत होती ती इथिओपियालाच. म्हणून यंदा आवाहने वाढली असतील, तर त्यात नवल नाही. गरज खरी आहे.

प्रश्न आहे तो मदत कोणत्या रूपाने पोचते याचा.

तिथे बालगृह म्हटले की अबेबेच गोबेना यांचे नाव निघते. १९८० मध्ये दुष्काळाने होरपळलेल्या वोलो प्रांतातील गिशेन मरियम या तीर्थस्थळी त्या यात्रेला गेल्या होत्या. वाटेत मृत आईच्या छातीशी बिलगलेले तान्हे मूल त्यांना दिसले. त्या दोन मुलांना घेऊन अदिस अबाबाला परतल्या. वर्षभरात मुले २१ झाली. पतीने विरोध केला, तेव्हा त्या मुलांसह घराबाहेर पडल्या. २०२१ मध्ये कोरोनाने त्यांचे निधन झाले, तोवर त्यांची संस्था केवळ अनाथालय राहिली नव्हती. शाळा, हातकामाचे प्रशिक्षण, गरीब स्त्रियांना उत्पन्नाचे साधन असे तिचे काम पसरले होते. मूल उचलून आणणाऱ्या बाईलाच पुढे हे उमगले की, मूल उचलावे लागू नये यासाठी त्याच्या आईला उभे करावे लागते.

हा धडा सगळ्यांनी घेतला नाही. २००० नंतर इथिओपियन मुले परदेशात दत्तक देण्याचे प्रमाण झपाट्याने वाढले. १९९९ पासून सुमारे १५ हजार मुले एकट्या अमेरिकेत गेली. त्यांतल्या अनेकांचे आई किंवा वडील हयात होते. मूल शिकून परत येईल, पैसे पाठवील, अशा समजुतीने काही पालकांनी अंगठे दिले. २०११ मध्ये अमेरिकेत दत्तक गेलेल्या एका इथिओपियन मुलीचा छळामुळे मृत्यू झाला आणि दत्तक आईबापांना शिक्षा झाली. अखेर २०१८ च्या जानेवारीत इथिओपियाच्या संसदेने परदेशी दत्तक देण्यावर बंदी घातली.

इथे 'अनाथ' या शब्दाकडे नीट पाहायला हवे. युनिसेफच्या व्याख्येनुसार आई किंवा वडील यांपैकी एक गेले तरी मूल अनाथ गणले जाते. इस्लामी परंपरेत वडील गेलेले अज्ञान मूल यतीम. दोन्ही व्याख्यांत आई जिवंत असू शकते. मग त्या मुलासाठी बालगृहात खाट, जेवण, शाळा सगळे आहे आणि आईच्या झोपडीसाठी काहीच नाही, अशी व्यवस्था आपण उभी केली तर आई काय करील? पोटाला चिमटा घेऊन ती मुलाला त्या दारात सोडून येईल. आपल्या दानाने एक यतीम सांभाळला जाईल, पण त्याची आईही आपल्याच दानाने तुटेल. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून देशांना हेच सांगितले: गरिबी हे मूल घरापासून तोडण्याचे कारण होता कामा नये.

इस्लामी कायद्यातील कफालतही याच वाटेने जाते. यतिमाचा सांभाळ करा, पण त्याच्या बापाचे नाव पुसू नका आणि त्याच्या मालमत्तेला हात लावू नका. इथिओपियात तर अशी सामाजिक वीणही तयार आहे. 'इद्दिर' नावाच्या वस्तीतल्या मंडळ्या दर महिन्याला वर्गणी जमवतात आणि मयतीच्या वेळी घराला आधार देतात. एड्सच्या साथीत आईबाप जाऊ लागले तेव्हा काही इद्दिरांनी मागे राहिलेल्या मुलांचा भारही उचलला. परक्या पैशाने बांधलेल्या इमारतीपेक्षा ही मंडळी त्या मुलाला जास्त जवळून ओळखतात.

मग शाळेचे काय? नाव घातले, गणवेश आणि वह्या दिल्या, की काम संपत नाही. २०२३ मध्ये बारावीच्या राष्ट्रीय परीक्षेला बसलेल्या सुमारे ८ लाख ४५ हजार मुलांपैकी जेमतेम ३.२ टक्के मुलांना निम्मे गुण मिळवता आले. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत आणि माध्यमिक शिक्षण इंग्रजीत, हे त्यामागच्या कारणांपैकी एक. उर्दू किंवा मराठी शाळेतून आलेली आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी मुले मी रोज पाहतो. त्यांना फी-माफीइतकीच संध्याकाळी तासभर शेजारी बसून शिकवणाऱ्या माणसाची गरज असते. अदिस अबाबाच्या मुलाची गरज वेगळी कशी असेल?

म्हणून विद्यार्थ्याला मी लिहिले: पैसे देण्याआधी त्या संस्थेला चार गोष्टी विचार. किती मुलांचे आई, आजी, मामा-मावशी हयात आहेत आणि त्यांच्या घरी तुम्ही काही देता का? वर्षभरात किती मुले घरी परतली? मुलांच्या अभ्यासाला रोज कोण बसते आणि त्याला पगार मिळतो का? गेल्या वर्षीचा तपासलेला हिशेब दाखवाल का? ज्याला खरोखर कोणी नाही, त्याच्यासाठी बालगृह हवेच. ते चांगले चालावे यासाठीही पैसा लागतोच. पण जी संस्था या प्रश्नांवर चिडेल, तिला दुरून सलाम. आणि उत्तरे पटली तर एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी दे. मुलाला भूक फक्त रमजानमध्ये लागत नाही.

शेवटी एक ओळ आणखी लिहिली, ती म्हणजे तो फोटो पुढे पाठवू नकोस. ते मूल उद्या मोठे होईल, कदाचित शिक्षक होईल. आपली रिकामी थाळी गावोगाव फिरलेली त्याला आवडणार नाही.

त्याचे उत्तर इफ्तारनंतर आले. चारही प्रश्न त्याने इंग्रजीत करून संस्थेला पाठवले होते. आणि विचारले होते, "सर, आपल्या गावच्या अनाथालयालाही हेच विचारू का?"

मी लिहिले, "जरूर विचार. मीही सोबत येतो."