संस्थेचा ब्राउझर कोणाचा?

तिजोरीची किल्ली कोणाजवळ असावी, चेकवर कोणाकोणाच्या सह्या असाव्या, शिक्का कोणत्या कपाटांत ठेवावा, याविषयीं आपल्या सहकारी संस्थांच्या पोटनियमांत व ठरावांत पुष्कळ खल झालेला असतो, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या खिडकींतून आज संस्थेचा बहुतेक पैका व कागद येतो-जातो, त्या खिडकीविषयीं एका ओळीचाहि ठराव आमच्या पाहण्यांत क्वचितच आला आहे. ही खिडकी म्हणजे संगणकावरील ब्राउझर होय. बँकेची शिल्लक पाहावयाची, जी. एस. टी. चें विवरणपत्र भरावयाचें, सभासदाचा सातबारा काढावयाचा, ई-नामवर परगांवच्या बाजाराचा भाव पाहावयाचा, तर वाट हीच. ही खिडकी कोणती बसवावी, तिला कडी कोणी घालावी, हा प्रश्न आजवर आपण कारकुनाच्या आवडीवर सोडून दिला आहे. तो व्यवस्थापक मंडळानें आपल्या हातीं घेतला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा विषय शहरांतील मोठ्या पेढ्यांचा, खेड्यांतील सोसायटीला त्याचें काय, असें कोणी म्हणेल. पंधरा वर्षांपूर्वीं हें म्हणणें कांहीं अंशीं चाललें असतें. पण ई-नाम १४ एप्रिल २०१६ रोजीं सुरू झालें, वस्तु व सेवा कर १ जुलै २०१७ पासून आला, आणि २०२२ च्या जूनमध्यें केंद्र सरकारनें २,५१६ कोटि रुपये खर्चाची, देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. आपण जिला विकास सोसायटी म्हणतों तीच ही संस्था. किर्द-खतावणी कपाटांतून निघून पडद्यावर आली, त्याबरोबर चोराची वाटहि बदलली.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. कोणत्याहि कचेरींत जाऊन पाहावें. संगणक संस्थेचा, वीज संस्थेची. पण ब्राउझर उघडला कीं वरच्या कोपऱ्यांत कारकुनाचें किंवा सचिवाचें स्वतःचें छायाचित्र दिसतें. म्हणजे त्यानें आपल्या खासगी ई-मेल खात्यानें त्यांत प्रवेश केलेला असतो. मग बँकेच्या पानावर पासवर्ड घातला कीं ब्राउझर विचारतो, "हा जतन करूं काय?" कामाच्या घाईंत "होय" म्हटलें जातें. येथपर्यंत कोणाच्याहि मनांत पाप नसतें. पण ज्याला सिंक म्हणतात ती सोय चालू असेल, तर तो पासवर्ड त्या खासगी खात्यांत जाऊन बसतो. तेथून तो कारकुनाच्या खिशांतील मोबाइलवर उतरतो, घरच्या संगणकावर उतरतो. आणि त्या घरच्या संगणकावर मुलानें कोठूनसा फुकट खेळ आणून बसविला असेल, तर त्या खेळाबरोबर आलेल्या लबाड प्रोग्रामच्याहि हातीं पडतो. ब्राउझरमध्यें साठविलेले पासवर्ड पळवून नेणें हाच ज्यांचा उद्योग, असे प्रोग्राम आज पुष्कळ आहेत.

बरें, चोर आला नाहीं असें धरून चालूं. उद्यां हा मनुष्य नोकरी सोडून गेला, तर चार्ज देतांना तो किल्ल्या देईल, पावतीपुस्तकें मोजून देईल. पासवर्ड मात्र त्याच्या खात्यांत त्याच्याबरोबर जातात, आणि कित्येकदां संस्थेजवळ त्यांची दुसरी प्रतच नसते. ओ.टी.पी. ज्या मोबाइलवर येतो तो क्रमांकहि त्याचाच असला, तर मग विचारावयास नको. विवरणपत्राची शेवटची तारीख दारांत उभी आणि अध्यक्ष जुन्या कारकुनाची फोनवर आर्जवें करीत आहेत, हा देखावा कोणाहि सभासदाला शोभादायक वाटणार नाहीं.

या रोगावरील औषध महाग नाहीं. संस्थेच्या नांवाचें ई-मेल खातें, संस्थेच्या नांवावरचें सिमकार्ड, संगणकावर संस्थेच्या कामासाठीं स्वतंत्र लॉगिन व त्यांत ब्राउझरचें स्वतंत्र प्रोफाइल, एवढें प्रथम करावें. कारकुनाला आपलीं खासगी पत्रें पाहावयाचीं असतील तर त्यानें तीं स्वतःच्या मोबाइलवर पाहावीं. यांत त्याचाहि बचाव आहे. कारण कांहीं गफलत झाली तर पहिला संशय त्याच्यावरच येतो. बँकेचा व्यवहार एकानें नोंदवावा व दुसऱ्यानें मंजूर करावा, आणि दोघांचीं लॉगिनें निराळीं असावीं. एकाच खुर्चीवर बसून एकच मनुष्य दोन्ही पासवर्ड घालीत असेल, तर दोन सह्यांचा नियम कागदावरच राहिला असें समजावें.

मग पासवर्ड ठेवावे कोठें? मोठ्या संस्थेनें पासवर्ड साठविण्याचें स्वतंत्र साधन घ्यावें. लहान संस्थेविषयींचें आमचें मत थोडें जुन्या वळणाचें वाटेल, तरी तें सांगतों. ते एका वहींत लिहावे, वही पाकिटांत घालून मोहोरबंद करावी व तिजोरींत ठेवावी. कागदावरचा पासवर्ड चोरावयास चोराला निदान गांवांत तरी यावें लागतें.

ब्राउझर कोणता घ्यावा, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ वेळां विचारला जातो. बियाण्याच्या दुकानांत निरनिराळ्या रंगांच्या पिशव्या मांडलेल्या असतात, आणि जाणता शेतकरी पिशवी उलटून आंतील वाण कोणता तें वाचतो. येथेंहि तसेंच करावें. गूगलचा क्रोम २००८ सालीं निघाला. तो ज्या क्रोमियम नांवाच्या मुक्त पायावर उभा आहे, त्याच पायावर मायक्रोसॉफ्टनें जानेवारी २०२० मध्यें आपला एज नव्यानें उभारला. ऑपेरा व ब्रेव्ह हेहि त्याच वाणाचे. मोझिलाच्या फायरफॉक्सचें बी निराळें आहे आणि ॲपलच्या सफारीचेंहि निराळें. तेव्हां क्रोम वेगवान कीं एज वेगवान, या वादांत संस्थेनें वेळ दवडूं नये. सरकारी व बँकेचीं संकेतस्थळें त्यांत नीट चालतात काय, सुधारणा वेळच्या वेळीं येतात काय, आणि त्याच्या सेटिंगांस बाहेरून कुलूप घालतां येतें काय, हें पाहावें.

विंडोजच्या संगणकावर आम्हीं मुख्य कामासाठीं एज सुचवूं, कारण तो तेथें आधींच असतो, दुसरीकडून उतरवून घेण्याचें व फसव्या पानावर जाण्याचें कारण पडत नाहीं. शिवाय जुनीं पानें जुन्या इंटरनेट एक्सप्लोररच्या पद्धतीनें दाखविण्याची सोय त्यांत आहे, व ती निदान २०२९ पर्यंत ठेवूं असें मायक्रोसॉफ्टनें सांगितलें आहे. दुसरा ब्राउझर म्हणून फायरफॉक्स ठेवावा. एका वाणावर रोग पडला तर दुसरें शेत हातीं असावें, एवढाच त्यांतील हेतु.

एकाच ब्राउझरला गळ्यांत बांधून घेतल्याचें फळ काय, तें कचेऱ्यांनीं पाहिलें आहे. २००१ सालच्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ च्या काळीं दहांपैकीं नऊंहून अधिक लोक इंटरनेट एक्सप्लोररच वापरीत, आणि म्हणून कित्येक संकेतस्थळें फक्त त्याच्यासाठींच लिहिलीं गेलीं. डिजिटल सहीसाठीं जावाचा एक तुकडा ब्राउझरच्या आंत चालवावा लागे. क्रोमनें तो २०१५ मध्यें व फायरफॉक्सनें २०१७ मध्यें बंद केला. इंटरनेट एक्सप्लोररचाहि आधार १५ जून २०२२ रोजीं संपला. या मधल्या वर्षांत सहीचें काम अडूं नये म्हणून कारकुनांनीं सुधारणा बंद करून जुनाच ब्राउझर गोठवून ठेवला. त्या वेळची त्यांची अडचण खरी होती. आतां बहुतेक ठिकाणीं सहीचें काम ब्राउझरबाहेरील लहान प्रोग्रामनें होतें, पण सुधारणा बंद ठेवण्याची संवय मात्र मागें राहिली, आणि ती घातक आहे. ब्राउझरमधील भोंक जाहीर झाल्यावर तें बुजविणारी सुधारणा न घेणें म्हणजे कुंपण मोडल्याची दवंडी पिटून तें तसेंच ठेवणें होय. क्रोमनें २०२१ सालीं नव्या आवृत्तीचा काळ सहा आठवड्यांवरून चारांवर आणला. सुधारणा आपोआप उतरते, परंतु ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय ती लागूं होत नाहीं. आणि आमच्या कचेऱ्यांत तो आठवडेच्या आठवडे उघडाच असतो. रोज संध्याकाळीं दिवा मालवितांना तोहि बंद करावा.

जुन्या संगणकांविषयीं थोडें कटु बोलणें भाग आहे. विंडोज ७ साठीं क्रोमची १०९ वी आवृत्ति शेवटची. फेब्रुवारी २०२३ पासून पुढची त्यावर चालत नाहीं. विंडोज १० चा नेहमींचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. ज्या यंत्रावर ब्राउझर सुधारत नाहीं त्यावर टंकलेखन करावें, पावत्या छापाव्या. बँक उघडूं नये. मंडळास नव्या संगणकाचा खर्च जड वाटत असेल, तर संस्थेच्या चालू खात्यांत सरासरी किती रक्कम असते तें एकदां पाहावें.

एक्स्टेंशन म्हणून जे लहान जोड ब्राउझरला लावतात, त्यांच्या बाबतींत आम्हीं कडक आहों. एकहि लावूं नये, आणि लागलाच तर मंडळाच्या परवानगीनें. आज चांगला असलेला जोड उद्यां दुसऱ्याला विकला जातो, हें सामान्य वापरणाऱ्यास कळतहि नाहीं. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नांवाचा लाखों लोकांचा आवडता जोड त्याच्या कर्त्यानें २०२० सालीं विकला. नव्या मालकाच्या हातीं त्यांत घातक भाग शिरला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्यें गूगलनें तो काढून टाकला. गाय विकतांना दावें तरी सोडावें लागतें; येथें मालक बदलला तरी गाय आपल्याच गोठ्यांत उभी!

रोजच्या त्रासाचें मूळ बहुधा सूचनांत असतें. कोठल्याशा बातमीच्या पानावर "परवानगी द्या" म्हणून बटण येतें, तें दाबलें जातें, आणि मग पडद्याच्या कोपऱ्यांत "तुमच्या संगणकांत विषाणु शिरला" अशा खोट्या आरोळ्या सुरू होतात. त्या भिऊन फोन करणारा मनुष्य फसतो. ब्राउझरच्या सेटिंगांत सर्व संकेतस्थळांच्या सूचना एकदम बंद करतां येतात, त्या कराव्या. उलट पॉप-अपची बंदी सरसकट उठवूं नये. पावती दुसऱ्या खिडकींत उघडणाऱ्या एखाद्या सरकारी स्थळापुरतीच ती उठवावी. पैशाच्या पानांवर आपोआप भाषांतराची सोयहि बंद असावी. यंत्रानें केलेल्या भाषांतरावर भरवसून भरणा करणें आम्हांस मान्य नाहीं.

बँकेचें नांव शोधयंत्रांत टाकून वर येईल त्या दुव्यावर जाण्याची पद्धत सोडावी, कारण वरची जागा जाहिरात देऊन विकत मिळते. संस्थेला लागणारीं दहा-बारा स्थळें एकदां तपासून ब्राउझरच्या पट्टीवर बांधून ठेवावीं व तेथूनच जावें. रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं बँकांस आपलीं संकेतस्थळें ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितलें. तो शेवट वाचण्याची संवय करावी. पत्त्याशेजारचें कुलुपाचें चिन्ह प्रामाणिकपणाची खूण नव्हे. वाटेंत कोणी पत्र फोडीत नाहीं एवढेंच तें सांगतें; पत्र ठकाच्याच घरीं पोंचत असलें तरी कुलूप दिसतेंच. या गैरसमजामुळेंच क्रोमनें २०२३ मध्यें तें चिन्ह काढून टाकलें.

स्वदेशी ब्राउझरविषयीं विचारणा होते. केंद्र सरकारनें २०२३ च्या ऑगस्टमध्यें भारतीय ब्राउझरसाठीं स्पर्धा लावली होती, आणि मार्च २०२५ मध्यें झोहो या कंपनीस एक कोटि रुपयांचें पहिलें बक्षीस मिळालें. तिचा ‘उला’ हा ब्राउझरहि क्रोमियमच्याच पायावर आहे. आम्हांस स्वदेशीचा अभिमान आहे. परंतु संस्थेचा पैसा सभासदांचा असतो, म्हणून वर सांगितलेल्या कसोट्या त्यालाहि लावाव्या, व प्रथम दुसऱ्या संगणकावर महिना-दोन महिने वापरून पाहावें.

हीं कुलुपें कारकुनाच्या आठवणीवर ठेवावयाचीं नाहींत. पासवर्ड जतन न करणें, सिंक बंद, जोड बंद, सूचना बंद, ठराविक दुवे पट्टीवर, हें सर्व संगणकाच्या मुख्य लॉगिनमधून ‘पॉलिसी’ म्हणून एकदां बसवितां येतें. एज व क्रोम दोहोंत ती सोय आहे, फायरफॉक्समध्येंहि २०१८ पासून साध्या फाइलनें तें करतां येतें, आणि या कशासहि शुल्क नाहीं. दुरुस्तीस येणाऱ्या माणसाचें हें अर्ध्या दिवसाचें काम आहे. मुख्य लॉगिनचा पासवर्ड मात्र त्यालाहि देऊन ठेवूं नये व कारकुनालाहि नको. तो त्याच मोहोरबंद पाकिटांत जावा.

वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर घ्यावयाची असतेच. तीपूर्वींच्या मंडळाच्या बैठकींत याचा ठराव करावा, जबाबदार इसमाचें नांव त्यांत घालावें, आणि चार्जच्या यादींत किल्ल्या, शिक्के व पावतीपुस्तकें यांच्याखालीं ब्राउझरचें प्रोफाइल, संस्थेचें ई-मेल खातें व सिमकार्ड यांच्या नोंदी वाढवाव्या. चार्ज ज्या दिवशीं बदलेल त्याच दिवशीं, जाणारा मनुष्य कितीहि विश्वासू असला तरी, सर्व पासवर्ड बदलून नवें पाकीट मोहोरबंद करावें.